थोरला ठोकळा

१

बिभीषण हे नाव ठेवताना त्याच्या आज्याने काय विचार केला होता कोण जाणे. शाळेत हजेरी सुरू झाली की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'घरभेदी' म्हणायचं आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. लग्नात मेव्हण्यांनी तेच केलं. आता पन्नाशी उलटली, तरी दिल्ली गेटजवळच्या त्याच्या फोटो-फ्रेमच्या दुकानात चहाला जमणारी टोळी अधूनमधून तेच करायची. तो हसण्यावारी न्यायचा. खरं तर दिलेल्या शब्दाला असा चिकटून राहणारा माणूस अख्ख्या नगरात शोधून सापडला नसता. कुणी आईबापांचा फोटो फ्रेमला टाकून विसरून गेलं, तरी हा तो वर्षानुवर्षं पुसून ठेवायचा.

त्याला नाद एकच, सरकत्या ठोकळ्यांच्या पाट्यांचा. चपटी चौकट, आत घट्ट बसणारे तुकडे आणि एखाददुसरी रिकामी जागा. तुकडे उचलायचे नाहीत, फक्त सरकवायचे आणि विस्कटलेलं जागेवर आणायचं. जत्रेत मिळणारी आकड्यांची पाटी लहानपणी सगळ्यांनीच हाताळलेली असते आणि बहुतेकांचा नाद तिथेच संपतो. बिभीषणचा संपला नाही. हॉलच्या कोपऱ्यातली त्याची शोकेस या पाट्यांनी भरली होती. पत्र्याच्या होत्या, प्लॅस्टिकच्या होत्या, शिसवी होत्या. गणपतीच्या चित्राचे तुकडे केलेली होती, बाराखडीची होती, गाड्यांच्या गर्दीतून एक तांबडी मोटार बाहेर काढायची तीही होती. आणि त्याची सर्वांत लाडकी जात म्हणजे लहानमोठ्या ठोकळ्यांमधून वाट काढत एका थोरल्या चौकोनी ठोकळ्याला चौकटीच्या तोंडातून बाहेर काढायचं. सकाळचा चहा झाला की तो कोपऱ्यातल्या छोट्या टेबलापाशी बसायचा, एक पाटी पुसायचा, विस्कटायचा, जागेवर लावायचा आणि मग दुकानात जायचा. राजेश्वरी, त्याची बायको, याला त्याची देवपूजा म्हणायची. खऱ्या देवांना एवढा वेळ मिळत नाही, हेही ऐकवायची.

या नादात त्याला सोबती एकच, तिसगावचा गोरक्षनाथ. दोघं एका वर्गात होते. मढीच्या यात्रेत बिभीषणने आयुष्यातली पहिली पाटी घेतली, तर तिचे शेवटचे दोन आकडे काही केल्या सुलटे होईनात. पोर रडकुंडीला आलं. गोरखने पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "कुनीतरी तुकडे उचलून उलटे बसवल्यात. मरस्तोवर सरकव, हे लागायचं न्हाई. फसवलं तुला." त्या दिवसापासून दोघांची दोस्ती आणि दोघांचा एक नियम: ठोकळा उचलायचा नाही. पुढे गोरख दारं-खिडक्या करणारा सुतार झाला आणि बिभीषण नगरला आला. पाट्यांची देवाणघेवाण मात्र थांबली नाही. एकाने विस्कटून पाठवायची, दुसऱ्याने लावायची. मग तिसगावहून फोन यायचा.

"आलं का जागेवर?"

"आलं."

एवढंच बोलणं, पण बिभीषणला त्याने दिवसभर बरं वाटायचं. अर्धवट पाटी घरात असली की त्याला अन्न गोड लागत नसे. हे राजेश्वरीपेक्षा गोरखला जास्त ठाऊक होतं.

२

गेलं वर्षभर मात्र गोरखचं काहीतरी बिनसलं होतं. बिभीषण तिसगावला गेला की तो स्टँडवरच भेटायचा, चहा पाजायचा आणि परत गाडीत बसवून द्यायचा. एकदा बिभीषण न सांगता थेट घरी गेला, तर गोरख दार जेमतेम उघडून अंग चोरत बाहेर आला आणि पाठीमागे दार ओढून घेतलं. सून झोपलीय म्हणाला. माणूस खंगला होता. नंतर कळलं की त्याची सून माधुरी तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती. का, ते गोरखने सांगितलं नाही. बिभीषणनेही खोदून विचारलं नाही.

म्हणून बारशाला तो आला तेव्हा बिभीषणला खरोखर आनंद झाला. बिभीषणची मुलगी धनश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. गोरख नवा शर्ट घालून, दाढी करून आला. चेहऱ्यावर तुकतुकी होती. सून-नात परत आल्या म्हणाला. जिलबी दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर तो घरभर हिंडला. घर साधंच, रांगेतलं बैठं. पुढचं दार हॉलमध्ये उघडायचं, दारातून आत आलं की डाव्या हाताला शोकेसचा कोपरा, समोर बोळ, बोळात एका बाजूला स्वयंपाकघर आणि टोकाला आतली खोली, तीच बाळंतिणीची. मागे शेजाऱ्याची भिंत लागून, त्यामुळे मागचं दार नाही. गोरखने सुताराच्या सवयीने प्रत्येक चौकटीवर हात फिरवला. आतल्या खोलीच्या दारात बराच वेळ उभा राहिला. पाळण्याकडे बघत होता.

"ऐसपैस हाय रे तुजं घर," तो म्हणाला. "जागा हाय."

निघताना त्याने फडक्यात बांधलेली एक पाटी बिभीषणच्या हातात दिली. "माज्या हातची हाय. सवडीनं लाव." त्याचे डोळे भरून आले होते. बिभीषणला वाटलं, नात परत आली म्हणून असेल. स्वतःच्या डोळ्यांतही पाणी आलं त्याच्या, एवढा तो भाबडा.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फडकं सोडलं. बाभळीची चौकट, जाड, हातात घेतल्यावर वजन जाणवणारी. आत उभे, आडवे आणि छोटे ठोकळे, सगळे तेल लावून गुळगुळीत केलेले. थोरला ठोकळा मात्र आत नव्हता. तो वेगळा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. त्याचा एक कोपरा टवका उडून बोथट झाला होता. बाकी इतकं नेटकं काम आणि हा एवढा एक टवका, त्याचं बिभीषणला नवल वाटलं.

थोरला बाहेर म्हणजे कोडं सुटलेलं. दुसरा कुणी असता तर तसंच शोकेसमध्ये ठेवून मोकळा झाला असता. पण हा नाद ज्याला आहे त्याला बाहेर पडलेला ठोकळा बघवत नाही. त्याला पहिल्या जागी, वरच्या टोकाला मधोमध नेऊन बसवल्याशिवाय पाटी पाटी वाटत नाही. बिभीषणने थोरला ठोकळा चौकटीच्या तोंडाशी लावला आणि अंगठ्याने आत ढकलला.

टक.

ठोकळा आत जाताच काहीतरी मागून वर आलं. बिभीषणने वाकून पाहिलं. चौकटीच्या तोंडाशी पितळेची एक छोटी जीभ बसवली होती. कशाला असेल, असा विचार त्याच्या मनात आला. मग, ठोकळा प्रवासात निसटू नये म्हणून असेल, असं त्याने स्वतःच ठरवलं. गोरखचा हात म्हणजे हात, असंही मनात म्हणाला.

त्याने ठोकळा एक घर वर सरकवला. त्याच क्षणी पुढच्या दाराशी काहीतरी जड घसटल्याचा आवाज झाला, धान्याने भरलेली कणगी फरशीवरून ओढल्यासारखा. तो उठून पाहायला गेला. दार बंद होतं. चपलांचं स्टँड तेवढं तिरकं होऊन भिंतीला टेकलं होतं.

"अहो, काय पाडलंत?" राजेश्वरीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मी नाही," तो म्हणाला आणि स्टँड सरळ केलं. ते पूर्वीच्या जागी बसेना. त्याने थोडं अलीकडे ठेवलं.

४

रोज चहा झाल्यावर तो थोडं थोडं सरकवत राहिला. कोडं अवघड होतं, उलट्या वाटेने तर जास्तच. थोरला हलला की हॉलमध्ये आवाज व्हायचा. बिभीषणने त्याची कारणंही शोधली. घर काळ्या मातीवर उभं. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि अशा मातीतली घरं जागची हलतात, हे कुठलाही गवंडी सांगेल. फरशीवर ओरखडे दिसले, तर ते पाहुण्यांच्या गर्दीत दिवाण हलवल्याचे. राजेश्वरीने धुऊन हॉलमध्ये उन्हाला पालथं घातलेलं पातेलं एके सकाळी भिंतीला चिकटून उभं सापडलं, पापडासारखं चपटं झालेलं. गॅसवाल्याने सिलिंडर आपटला असणार, असं राजेश्वरी म्हणाली आणि चार शिव्या देऊन मोकळी झाली. बिभीषणने मान डोलावली. ते पातेलं हातात घेऊन मात्र तो बराच वेळ उभा होता. आपटलेलं भांडं वाकडंतिकडं होतं. हे सरळ दाबलेलं होतं.

त्याला जागं केलं ते कडूबाईने. कडूबाई बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला रोज यायची. बाई अंगाने आडवी, चालणं दणदणीत. त्या दिवशी बिभीषण टेबलापाशी बसला होता. कडूबाई दारातून आत आली, हॉलच्या मध्यापर्यंत आली, आणि मग भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून, आडवी सरकत सरकत बोळाकडे गेली. तिथे हॉलमध्ये काहीही नव्हतं. रिकामी फरशी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं.

"कडूबाई, अशा का चालता?"

"मंग कशी चालू, दादा?" ती थबकली. "सरळ जायला जागा कुठं हाय?"

तिने समोर पाहिलं. रिकामी फरशी पाहिली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला आणि ती तशीच आडवी सरकत आत गेली. त्यानंतर ती कामाला आली नाही. पाय मुरगळल्याचा निरोप आला.

त्या दिवशी बिभीषण दुकानात गेला नाही. तो बसून घरातल्यांचं चालणं बघत राहिला. राजेश्वरी चहाचा कप घेऊन आली तीही कडेकडेने, भिंतीला खांदा घासत. धनश्री पाणी प्यायला आली आणि तशीच परत गेली. कुणाच्याही लक्षात येत नव्हतं. शेवटी तो स्वतः उठला, सरळ दाराकडे जायचं ठरवून निघाला. त्याची पावलं आपोआप वळली आणि खांदा भिंतीला लागला. भिंत थंड होती.

५

त्याने गोरखला फोन लावला. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी डॉक्टर गाठून दिला असता. गोरख हसणार नाही, याची त्याला खात्री होती.

गोरख हसला नाही. त्याने फक्त विचारलं, "कुठपतुर आलंय?"

आपण अजून पाटीचं नावही काढलेलं नाही, हे बिभीषणच्या ध्यानात आलं.

"मध्यावर आहे," तो म्हणाला. "गोरख, हे काय आहे?"

"त्येच्या मागं लागू नकोस. ऐक. अर्धवट सोडू नको. वाटंत ऱ्हायलं की तरास देतं. जागेवर गेलं की गप बसतं. आमच्याकडं वरीसभर जागेवर हुतं, कुनाला काय झालं का?"

"मग सून का गेली होती?"

"बायकांचं काय सांगावं. तू जागेवर लाव. माज्यावर इस्वास हाय ना?"

होता. चाळीस वर्षांचा होता. पहिल्याच पाटीत फसलेल्या पोराला ज्याने 'फसवलं तुला' हे खरं सांगितलं, त्याच्यावर नसेल तर कुणावर असणार? बिभीषणने त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं काही केलं नाही. राजेश्वरी भाजी आणायला बाजारात गेली आणि तो शेवटच्या खेळ्या करत बसला. बोळातून काहीतरी घसटत घसटत लांब जाताना त्याला ऐकू येत होतं. थोरला ठोकळा वरच्या टोकाला, मधोमध, अलगद बसला. घर गप्प झालं.

गोरख बरोबर होता, असं म्हणून त्याने सुस्कारा सोडला. हॉलमध्ये तो सरळ चालून पाहू लागला. पावलं वळली नाहीत. एवढ्यात आतल्या खोलीतून धनश्रीची हाक आली. आवाज दबका होता, उशीत तोंड खुपसल्यासारखा.

"पप्पा, या खोलीत जागाच नाहीये."

६

आतल्या खोलीचं दार बोटभर उघडलं आणि अडलं. फटीतून त्याला दिसलं ते एवढंच: पलंग भिंतीला भिडला होता, पलंगाच्या कडेला धनश्री गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, तिच्या खांद्याला बाळ होतं आणि रिकामा पाळणा कोपऱ्यात तिरका दाबला गेला होता. त्याचा एक खूर मोडला होता. खोलीचा बाकीचा भाग मोकळा होता, उन्हाने भरलेला. आणि त्या मोकळ्या जागेत पाय ठेवायचं धनश्रीच्या मनातही येत नव्हतं.

तेव्हा त्याने पाटी आणि घर एकावर एक ठेवून पाहिलं, मनातल्या मनात. चौकटीचं तोंड म्हणजे पुढचं दार. मधली उभी वाट म्हणजे बोळ. वरच्या टोकाची जागा म्हणजे ही खोली. बारशाच्या दिवशी चौकटींवरून फिरणारा हात त्याला आठवला. 'जागा हाय' हे शब्द आठवले. भीती नंतर आली, आधी आलं ते दुःख.

तो टेबलापाशी परतला. दोघांचा नियम पहिल्यांदाच मोडायला त्याने थोरल्या ठोकळ्याच्या कडेत नख घातलं आणि उचलायला लागला. खोलीतून धनश्री किंचाळली. फरशी हलतेय म्हणाली. त्याने नख काढलं. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चौकटीची बाजूच उचकटायचा प्रयत्न केला. लाकडाने कर्र केलं आणि आत गिलाव्याचा पोपडा पडल्याचा आवाज आला. बाळ रडू लागलं. तोही मार्ग बंद झाला. सरकवणं तेवढं उरलं होतं.

आलेली वाट त्याला पाठ होती. बोटं भराभर चालू लागली. बोळात घसटणं सुरू झालं, जवळ येऊ लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बोळात पडणारा उजेड खालपासून वरपर्यंत एकदम गेला.

त्याने मान वर करायला नको होती. बोळाच्या तोंडाशी, माळ्याच्या कडेला घासत, एक कोपरा पुढे आला. बोथट, टवका उडालेला. चौकटीच्या लाकडावर त्याने पांढरा ओरखडा ओढला. मागोमाग एक रुंद, तेलकट, सपाट बाजू आली, आणि तिच्यावर डोळे नव्हते, तोंड नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त मधल्या भागात, पाळण्याच्या उंचीवर, काहीतरी खालीवर होत होतं, झोपलेल्या लेकराच्या पोटासारखं. हॉलभर बाळाच्या तेलाचा आणि वेखंडाचा वास पसरला. बिभीषणने डोळे पाटीवर आणले आणि मग वर पाहिलं नाही.

थोरला ठोकळा तोंडाशी पोचला. अंगठ्याने दाबला. निघाला नाही. त्याने जोर लावला. पितळेची जीभ ताठ उभी होती. आत येताना ती वाकून वाट देत होती, बाहेर जाताना देत नव्हती. ती प्रवासासाठी नव्हती.

त्याने फोन लावला. पलीकडे रंधा चालल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"जीभ तू बसवलीस."

"व्हय."

"मुद्दाम?"

"मुद्दामच. तीन चौकटी वाया गेल्या, तवा कुठं जमली." गोरखचा आवाज थकलेला होता, पण त्यात सुताराचा अभिमान होताच.

"माझ्या घरात तान्हं लेकरू आहे, गोरख. तू बघितलंस तिला. जिलबी खाल्लीस तिच्या बारशाची."

"माज्याबी घरात हाय. काय करू मी? बाहिर काडलं, तर उंबऱ्याशीच बसून ऱ्हायलं. कुनीतरी आत घेतल्याशिवाय जात न्हाई ते. दुसऱ्या कुनाला दिलं असतं तर त्यानं ठोकळा तसाच बाहिर ठिवला असता. तू एकटाच असा, की जागेवर लावल्याबिगर ऱ्हानार न्हाईस."

आयुष्यभर जगाने बिभीषणला घरभेदी म्हणून चिडवलं आणि घर फोडलं ते याने. तेही त्याच्याच इमानाला हाताशी धरून.

"आता कुठं हाय ते?" गोरखने विचारलं.

"तोंडाशी. जिभेला टेकलंय."

"तितं ठिवू नकोस." आवाज एकदम बदलला. "मागं घे. पितळ हाय ते, लई येळ धरायचं न्हाई."

"तुटली तर कुठे जाईल, गोरख?"

गोरखने अगदी हळू, घरच्या माणसाची चौकशी करावी तसं विचारलं: "वहिनी कुठं हायेत?"

"बाजारात."

फोन कट झाला.

७

तर हे असं होतं. बिभीषणने पाटी समोर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. काही करायचं नव्हतं, वाट बघायची होती. जीभ वाकत होती, केसभर, पण वाकत होती. पुढच्या दाराच्या चौकटीतून बारीक कुरकुर येत होती. बिभीषण स्वतः कोपऱ्यात अडकला होता, कारण कोपऱ्यातून बाहेर पडायची वाट दारासमोरून होती आणि ती आता भरलेली होती. त्याचं त्याला काही वाटलं नाही. धनश्रीला त्याने खोलीतच थांबायला सांगितलं. बाळ शांत झालं होतं. आणि राजेश्वरी बाहेर होती, ही सर्वांत मोठी गोष्ट. अजून थोडा वेळ. मग जीभ तुटेल आणि ज्याचं त्याच्याकडे, तिसगावला, गोरखच्या उंबऱ्याशी परत जाईल; गोरखचा बदललेला आवाज तेच सांगत होता. या विचाराने त्याला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. अंगणाच्या फाटकाची कडी वाजली.

"अहो!" राजेश्वरीचा आवाज होता, धाप लागलेला. "अहो, काय होतंय तुम्हाला? गोरखभाऊजींचा फोन आला, तुमच्या छातीत दुखतंय म्हणाले, लगेच घरी जा म्हणाले!"

बिभीषणने सगळी ताकद लावून ओरडून सांगितलं, "येऊ नकोस! तिथेच थांब!"

नवऱ्याचा असा आवाज तिने पंचवीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. ती थांबली नाही, धावत सुटली. भाजीची पिशवी फाटकातच पडली, कांदे गडगडत गेले. हॉलमध्ये सगळे कडेकडेने जात होते, पण दाराच्या चौकटीत कडेने जायला जागा नव्हती. कुलपात किल्ली फिरली. पातेलं त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

मागे बोळात पावलं वाजली. "पप्पा, आई आली का?" धनश्री बाळाला घेऊन बाहेर आली होती.

थोरला मागे घ्यायचा, तर बोळात. बोळात लेक आणि नात. तोंडाशी ठेवायचा, तर दारात बायको. गोरखने खेळी चांगली लावली होती. त्याला एकच गोष्ट दिसली नव्हती, कारण तो बिभीषणला ओळखत असला तरी तेवढा ओळखत नव्हता. पाटीवर तोंडाच्या डावीकडे एक कोपरा होता. तिथे छोटे ठोकळे होते. ते एकेक करून वरच्या रिकाम्या जागेत नेले, की कोपरा मोकळा होत होता.

त्या कोपऱ्यात शोकेस होती, टेबल होतं, आणि तो स्वतः होता.

एक छोटा ठोकळा पाटीवरच्या बोळात; घरात हलायचा तो फक्त थोरलाच. दुसरा त्याच्याशेजारी. आणखी एक. मग त्याने थोरल्यावर अंगठा ठेवला आणि आपल्याकडे ओढला.

दाराशी घसटल्याचा आवाज झाला. दार उघडलं आणि ऊन हॉलभर आलं. राजेश्वरी उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली, पदर खांद्यावरून सुटलेला. तिच्यामागे, दाराच्या चौकटीत, जीभ वर आल्यासारखा टक असा आवाज झाला. तिने धनश्रीला पाहिलं, बाळाला पाहिलं, आणि मग कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे तिला फक्त ऊन दिसत असावं, कारण ती दोन पावलं पुढे आली, अडखळली आणि नकळत आडवी होऊन भिंतीला टेकली.

"अहो? कुठे आहात?"

शोकेसची काच तडकली. पत्र्याच्या, प्लॅस्टिकच्या, शिसवी पाट्या एकीवर एक दाबल्या जात होत्या, आकडे आपापली घरं सोडून खाली पडत होते. बिभीषणच्या पाठीला भिंत लागली. समोरून वेखंडाचा वास आला. अंगावर काहीतरी गुळगुळीत आणि कोमट टेकलं, आणि हळूहळू, खालीवर होत, टेकत राहिलं.

टेबलावरचा फोन वाजू लागला. तिसगावहूनच असणार. तो उचलायला हात हलवायला जागा नव्हती, आणि गरजही नव्हती. पलीकडचा माणूस काय विचारणार, हे बिभीषणला चाळीस वर्षांपासून पाठ होतं.